भरलेल्या गाडीचा उजेड

महिपत डुंबरे हा माणूस पहिल्या भेटीत मला अजिबात आवडलेला नव्हता. सरळच सांगते. माझ्या नाकावर राग असतो, हे चेंदणी कोळीवाड्यात कुणालाही विचारा. आणि या बाबाने तर मला पहिल्याच दिवशी फाटकात अडवलेलं.

"ताई, गाडी आत नका घेऊ. मासळीची आहे."

"मग कोळणीची गाडी कसली असणार? मोगऱ्याची?" मी म्हटलं.

तो हसला नाही, रागावलाही नाही. हातातला पाना फडक्याला पुसत म्हणाला, "रिकामी करून, धुऊन आणा. सांगाल ते काम करतो. आवारात मासळी येऊ देत नाही, एवढंच."

शीळफाट्याला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. पुढे मोकळं आवार, आवाराच्या टोकाला चुना फासलेली उंच भिंत. गाड्यांची वायरिंग, हॉर्न, बॅटऱ्या, दिवे, असली सगळी कामं करायचा. मूळचा ओतूरकडचा, राहायला वर्तकनगरला. गळ्यात तुळशीची माळ, दुकानात विठोबाचा फोटो, त्याला रोज ताजा हार. वयाने माझ्याएवढाच असेल, पण बोलायचा असा हळू की ऐकायला आपल्याला वाकायला लागायचं. मला असल्या हळू बोलणाऱ्यांचा भारी वैताग येतो.

गाडीचं सांगते. माझे मालक गेल्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ दामाजी, दोघांनी मिळून एक जुनी मॅटाडोर घेतलेली. पहाटे भाऊच्या धक्क्यावर म्हावरं भरायचं, वर बर्फ टाकायचा, आणि ठाणं, कळवा, मुंब्रा करत शीळफाट्यावरून कल्याणचा बाजार गाठायचा. दामाजी चालवायचा, मी शेजारी बसायची. १९८८ सालची गोष्ट. तेव्हा शीळफाटा ते कल्याण हा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना शेतं आणि वीटभट्ट्या. थंडीत पहाटे भट्ट्यांचा धूर आणि धुकं एकत्र खाली बसायचं. रस्त्यावर दिवा नाही. आणि आमच्या मॅटाडोरचे हेडलाईट असे पिवळट, की ते लागलेत का हे बघायला खाली उतरावं.

एकदा काटईजवळ पुढ्यात बैलगाडी आली, मागे कंदील नाही. दामाजीने ब्रेक दाबला, गाडी वाचली, पण बोंबलाच्या दोन पाट्या रस्त्यावर. त्यानंतर त्याने कल्याणातल्या एका मेकॅनिककडून मोठे शंभर वॅटचे बल्ब लावून घेतले. झगमगाट बघून मलाही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मुंब्र्यात डॅशबोर्डातून धूर. दिव्यांचा स्विच वितळून हातात आलेला. तेव्हा कळव्याच्या एका टेम्पोवाल्याने सांगितलं, शीळला डुंबरेकडे जा, तो माळकरी आहे, तो नीट करील.

आता त्या माळकऱ्याची अट म्हणजे गाडी धुऊन आणा. मी घरी येऊन त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पण सोमवारी म्हावऱ्याला गिऱ्हाईक नसतं, त्या दिवशी गाडी रिकामीच. मग दामाजीने सोडा टाकून फळ्या घासल्या, मी चार बादल्या पाणी ओतलं, आणि संध्याकाळी आम्ही नवरी निघावी तशी गाडी नटवून त्याच्या आवारात नेली.

त्याचं काम बघितलं आणि माझी जीभ जरा आवरली. जळलेल्या वायरी त्याने एकेक करून काढल्या. म्हणाला, "मोठा बल्ब लावला आणि करंट सगळा त्या एवढ्याशा स्विचमधून नेला. तो जळणारच." मग त्याने रिले नावाची छोटी डबी बसवली. स्विच फक्त हुकूम देणार, करंट जाड वायरीने थेट बॅटरीतून येणार. शंभर वॅटचे बल्ब काढून साधे हॅलोजन लावले. दामाजी कुरकुरला.

"अजून पावरफुल नाही का भाऊ?"

"आहेत की. पण समोरून येणाऱ्यालाही घरी जायचं असतं."

बंपरच्या खाली, अगदी गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्याने दोन पिवळे फॉगलाईट बसवले. दामाजीला बाजूला घेऊन समजावलं, की धुक्यात अप्पर मारायचा नाही, म्हणजे लांबचा उजेड टाकायचा नाही. टाकला की तो धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर परत येतो. खालचे दोन पिवळे लावायचे, डिपरवर, म्हणजे जवळच्या खालच्या उजेडावर राहायचं, रस्त्याची कड धरायची. हेडलाईटच्या काचेचा वरचा भाग तेव्हा काळा रंगवायचे, नियमच होता. तोही त्याने स्वतः बारीक ब्रशने रंगवला.

आणि मग फोकस. दिवेलागण झाल्यावर गाडी भिंतीपासून मोजून पंचवीस फुटांवर उभी केली. भिंतीवर कोळशाने आडवी रेघ मारली, गाडीच्या दिव्याच्या उंचीची. एका दिव्यावर गोणपाट टाकायचं, दुसऱ्याचे स्क्रू फिरवायचे, मग उलट. डिपरचा उजेड रेघेच्या चार बोटं खाली येईपर्यंत त्याने गाडी सोडली नाही. तासभर लागला. मी त्याच्या स्टुलावर बसून चहा घेतला. घरी जाताना दामाजीला म्हटलं, माणूस तिरसट आहे, पण हाताला खोट नाही.

त्यानंतर आमचे दिवस सुखाचे गेले. दामाजी तर त्या दिव्यांवर जाम खूश. एक गंमत सांगायचा, "ताय, रिकामी असताना उजेड जवळच पडतो, पण भरली की बघ कसा लांबवर जातो. ओझं घेतल्यावर गाडीला जोर येतो." मीही मान डोलवायची. दोघेही अकलेचे खंदक. समोरून येणारे आम्हाला दिवे मारून दाखवायचे, तर दामाजी चिडायचा. म्हणायचा, मी डिपरवर असून यांना काय खुपतं? यांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. मीही त्याच्या जोडीने त्यांचा उद्धार करायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खिडकाळीच्या पुढे समोरून मोटरसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. आमच्यापासून तीस-चाळीस हातांवर असताना ती एकदम डगमगली, सरळ रस्ता सोडून मोरीच्या कठड्यावर गेली. दणका ऐकला. दामाजीने गाडी थांबवली. माणूस खाली खड्ड्यात, मांडीचं हाड मोडलेलं, दूध सगळीकडे. आम्ही दोघांनी त्याला उचललं, पाट्या सरकवून मागे जागा केली, आणि तसाच ओल्या फळ्यांवर झोपवून कल्याणच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

वाटेत तो एकच बोलत होता. "तुमचा लाईट डोळ्यात गेला. काय पण दिसलं नाय."

दामाजी पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ताय, मी डिपरवर होतो. आईच्यान."

दवाखान्यात हवालदार आला. त्याने दामाजीचं लायसन मागितलं, उलटसुलट बघितलं, मग मला विचारलं, "बाई, तुम्ही शेजारी होतात ना? काय झालं?" दामाजी माझ्याकडे बघत उभा. त्याचं लायसन गेलं तर गाडी कोण चालवणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आणि मी बोलून गेले, "आपणच पडला. प्यायलेला असणार. वास येत होता."

वास कसला येणार? आम्हा दोघांना आणि त्याला मिळून म्हावऱ्याचा वास येत होता. पण हवालदाराने ते लिहून घेतलं, आणि तेवढ्यात त्या माणसाची बायको धावत आली, तिनेही ते ऐकलं. दामाजीला लायसन परत मिळालं. मी बाजारात जाऊन म्हावरं विकलं. त्या दिवशी भाव चांगला लागला, हे मला अजून आठवतं आणि स्वतःची लाज वाटते.

त्या माणसाचं नाव भिवा. निळज्याचा. हे मला खिडकाळीच्या चहावाल्याकडून कळलं, जानेवारी संपत आल्यावर. चहा गाळता गाळता तो म्हणाला, "तुम्हीच उचललात ना त्याला? पुण्य केलंत. पण त्याने वाट लावून घेतली बघा. आधी जाम प्यायचा. तीन वर्षांपूर्वी इथेच खिडकाळेश्वराला हात लावून सोडलेली. सगळा गाव म्हणायचा, भिवा सुधारला. आता शपथ मोडली म्हणून कोणी दारात उभं करत नाही. दुधाचा रतीब दुसऱ्याने घेतला. बायको शेवंती, ती घरात राहते पण त्याच्याशी तोंडातून शब्द काढत नाही. तो आपला रडतो, मी प्यायलो नव्हतो म्हणून. कोण ऐकतंय?"

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

दामाजीला सांगितलं तर म्हणाला, "गप राहा. आपण डिपरवर होतो, फोकस डुंबरेने लावलेला. म्हणजे आपली चूक नाही. मग प्यायलेलाच असेल ना?" आणि खरं सांगू, मलाही तसंच धरून चालायचं होतं. खोटं बोलले ते बोलले, पण निदान ते खरं निघावं, अशी माझी इच्छा. म्हणून त्या सोमवारी आम्ही गाडी धुऊन महिपतकडे नेली. मी गेल्या गेल्याच तोंड सोडलं.

"डुंबरेभाऊ, तुमच्या फोकसमुळे माणूस पडला म्हणतात. बघा जरा काय ते."

तो संध्याकाळपर्यंत थांबला. गाडी पंचवीस फुटांवर, दिवे चालू. भिंतीवरचा उजेड रेघेच्या बरोबर चार बोटं खाली. तसूभरही हलला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. दामाजी तर हसलाच. "बघितलंस? मी सांगत होतो."

महिपत मात्र भिंतीकडेच बघत होता. मग त्याने मला बसवलं आणि विचारायला लागला. नक्की कुठे झालं, समोरचा काय म्हणाला. मी सगळं सांगितलं. हवालदाराला काय बोलले, तेही. का कोण जाणे, त्या हळू बोलणाऱ्या माणसापुढे खोटं निघेना.

माझ्या खोट्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याने विचारलं, "गाडीत माल किती असतो?"

"पन्नास-साठ पाट्या. वर बर्फ."

"मागचे स्प्रिंगचे पाटे ओझ्याने किती बसतात?"

"बसतात की. म्हातारी गाडी, मागून पार खाली जाते," दामाजी म्हणाला. "पण भरल्यावरच तर उजेड लांब जातो."

महिपतने फडकं खाली ठेवलं. त्याने आवाराच्या फाटकाकडे बघितलं. मग म्हणाला, "उद्या पहाटे बाजाराला जाताना इथे या. भरलेली आणा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आत? म्हावरं घेऊन?"

"आत."

"आणि तुमचा नियम?"

"नियम मीच केला होता ताई. पांडुरंगाने कधी सांगितलं नव्हतं."

त्या रात्री तो वर्तकनगरला घरी गेलाच नाही, दुकानातच झोपला. पहाटे साडेपाचला आम्ही पोचलो तेव्हा फाटक उघडं होतं आणि तो आंघोळ करून उभा. गाडी आत आली. बर्फाचं लाल पाणी फळ्यांतून टपटप त्याच्या झाडलेल्या आवारात पडायला लागलं, वास सुटला. माझाच जीव अर्धा झाला. त्याने नाकाला हातसुद्धा लावला नाही. गाडी खुणेवर घेतली आणि दामाजीला म्हणाला, "डिपर लावा."

उजेड रेघेच्या खाली नव्हता. रेघेच्या वर होता, चांगला हातभर. मागचं धूड खाली बसलं की पुढचं तोंड वर उठणार, हे लहान पोराला कळेल. पण आम्ही रिकामी, धुतलेली गाडी भिंतीसमोर उभी केली होती आणि भरलेली महिनोन्महिने रस्त्यावर सोडली होती. महिपत गाडीच्या पुढे पंचवीस फुटांवर, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मोटरसायकलवरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीएवढा वाकला. दोन क्षण बघितलं आणि हाताने डोळे झाकले.

"बंद करा," तो म्हणाला. मग तिथेच भिंतीशी बसला. "वीस वर्षं मी फोकस लावतोय. रिक्षा असो, ट्रक असो, मी विचारतो, माल किती असतो. तेवढं वजन मागे टाकतो, मग लावतो. तुमच्या गाडीला मी हे विचारलं नाही. कारण तुमचा माल मला आवारात नको होता."

मी त्याला म्हटलं, "भाऊ, हे कोणाला कळणार आहे? आता खाली करा फोकस, झालं." मीच बोलले हे. लपवत नाही.

त्याने स्क्रू फिरवले, भरलेल्या गाडीवर, उजेड रेघेखाली आणला. काम झाल्यावर हात धुतले आणि म्हणाला, "संध्याकाळी मी निळज्याला जातोय. तुम्ही यायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

दामाजी दिवसभर माझ्याशी भांडला. लायसन जाईल, केस होईल, लोक मारतील. यातलं काही खोटं नव्हतं. पुढे त्याला दोनदा चौकीवर जायला लागलं, मीही माझा जबाब बदलून दिला. दोन्ही वेळा महिपत दुकान बंद करून सोबत आला, आणि फोकस माझ्या हातचा आहे असं लिहून दिलं. पण तेव्हा हे काय माहीत? मी पाटी उलटी करून तिच्यावर बसले आणि विचार केला, की घरात बसून कुढणाऱ्या त्या माणसाकडे महिपत एकटा गेला, तर सांगून काय सांगेल? दिव्याचं सांगेल. दारूचं तर मलाच सांगायला लागणार.

भिवाचं घर कौलारू, पुढे ओटी. तो खाटेवर, पाय प्लॅस्टरमध्ये. दाढी वाढलेली. शेजारचे दोन-चार जण आमच्या मागोमाग येऊन उभे राहिले. शेवंती आतल्या दाराशी तांदूळ निवडत बसलेली. तिने मला ओळखलं.

महिपत खाली जमिनीवर बसला. त्याच्या त्या हळू आवाजात सगळं सांगितलं. भिंत, रेघ, रिकामी गाडी, भरलेली गाडी. लोकांना ऐकायला पुढे सरकावं लागलं. "तुम्हाला काही दिसलं नाही, कारण दिसणं शक्यच नव्हतं," तो भिवाला म्हणाला. "मी स्वतः त्या उजेडात उभा राहून आलोय. चूक माझी आहे." मग त्याने हात जोडले आणि थांबला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाजारात दिवसभर ओरडून भाव सांगणारी मी, पण आवाज महिपतसारखाच हळू निघाला. मी शेवंतीकडेच बघून म्हटलं, "वास येत नव्हता. मी खोटं बोलले. माझ्या भावाला वाचवायला बोलले."

मला वाटलं ती आता उठून माझ्या झिंज्या धरेल. धरल्या असत्या तर बरं झालं असतं, मारामारीत मी कधी मागे नसते. पण तिने सुपातले तांदूळ तसेच बाजूला ठेवले.

"मी त्या दिवशी यांचं तोंड हुंगून बघितलेलं," ती म्हणाली. "दवाखान्यात. तुमच्या गाडीत घालून आणलेलं ना, नुसता मासळीचा वास. दारू आहे का नाय, कायच कळेना. मग तुम्ही बोललात तेच धरलं."

भिवाने तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. "मी रोज सांगत होतो," तेवढंच म्हणाला.

महिपतच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तो पुसत नव्हता. मी पदर तोंडात धरलेला. लोक एकेक करून ओटीवरून उतरून गेले.

शेवंती उठली. लुगडं झटकलं, खाटेपाशी गेली आणि जरा वेळ नुसती उभी राहिली. कसं बोलायचं हे विसरल्यासारखी. मग दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने नवऱ्याला विचारलं, "पाय फार दुखतो का हो?"